सहा सिलिंडर, चाराच्या जागेत: व्हीआर६ ने लांबी वाचवली ती कुठे?

प्रश्न असा आला आहे: ‘मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान गाडीत आडवं बसणारं सहा सिलिंडरचं इंजिन हा सेमिनारचा विषय घेतलाय. फोक्सवॅगनच्या व्हीआर६ बद्दल जिकडे तिकडे एकच वाक्य मिळतं, की ते १५ अंशांचं अरुंद व्ही इंजिन आहे, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांमधला कोन फक्त १५ अंशांचा. पण १५ च का? आणि कल्पना इतकी चांगली होती तर बाकीच्या कंपन्यांनी ती का नाही उचलली?’

त्या एका वाक्यावर थांबला नाहीस, हे बरं केलंस. मी वीस-बावीस वर्षं ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या ढकलण्याने फिरणारा दांडा) यांच्या ड्रॉइंगवर घालवली. आता पुण्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी परदेशी इंजिनं उघडून बसतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत असं झालंय की हे इंजिन म्हणजे जागेची उसनवारी आहे. लांबीतले मिलिमीटर वाचवले, पण ते कुठून तरी उसने घेतले: थोडे क्रँककडून, बरेचसे हेडकडून (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आणि उरलेले आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांकडून.

आधी अडचण समजून घे. पुढची चाकं ओढणाऱ्या लहान गाडीत इंजिन आडवं असतं. दोन चाकांच्या मधल्या जागेत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एका ओळीत बसवायचे, शिवाय चाकं वळायला मोकळी जागा हवी. फोक्सवॅगनच्या त्या काळच्या चार सिलिंडरच्या इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरच्या केंद्रांमधलं अंतर ८८ मिलिमीटर होतं. ८१ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) धरला तर पहिल्या सिलिंडरच्या कडेपासून शेवटच्याच्या कडेपर्यंत ३ गुणिले ८८ अधिक ८१, म्हणजे ३४५ मिमी. त्याच मापाने सरळ रेषेत सहा मांडले तर ५२१. म्हणजे जवळपास १८ सेंटिमीटरची वाढ, आणि गोल्फसारख्या गाडीत तेवढी जागा कुठून आणणार?

म्हणून काही जणांनी गाडीच मोठी घेतली. ब्रिटनमध्ये ऑस्टिनने सत्तरच्या दशकात २२२७ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आडवं बसवलं होतं. त्यात शेजारच्या सिलिंडरच्या भिंती एकमेकींना चिकटवल्या होत्या, मधून पाणी खेळायला वाटच नव्हती. पुढे व्होल्वोनेही तीच वाट धरली. २००६ मधल्या त्यांच्या ३.२ लिटरच्या इंजिनात अल्टरनेटर वगैरे सगळी उपकरणं मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या वर नेऊन इंजिनाची लांबी ६२५ मिमीवर आणली. काम सुंदर, पण गाडी एस८० च्या आकाराची.

दुसरा मार्ग नेहमीच्या ६० अंशांच्या व्ही६ चा. तो आखूड असतो, पण रुंद. आडवा बसवला की मागचा बँक, म्हणजे सिलिंडरची मागची रांग, थेट फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) टेकतो आणि मागचे तीन प्लग बदलायला हात जात नाही. हेड दोन, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन, आणि प्रत्येक हेडवर दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) हवे असतील तर कॅम चार. तिसरा मार्ग जपान्यांचा: सिलिंडरच बारीक करा. १९९०च्या सुरुवातीला माझदाने १.८ लिटरचा आणि मित्सुबिशीने १५९७ सीसीचा व्ही६ केला. मित्सुबिशीच्या एका सिलिंडरच्या वाट्याला २६६ सीसी येतात, म्हणजे एखाद्या पल्सरपेक्षा जरासंच मोठं भांडं, आणि अशी सहा. आवाज गोड, पण घर्षणात इतकं जातं की बेरीज बसत नाही.

फोक्सवॅगनने निवडलेला चौथा मार्ग नवा नव्हता, हे सेमिनारमध्ये आवर्जून सांग. इटलीत लान्चियाने १९२२ मध्ये लाम्ब्डा या गाडीत सुमारे १३ अंशांचं व्ही४ बसवलं होतं, आणि १९६३ च्या फुल्वियातही जवळपास तेवढ्याच कोनाचं व्ही४ होतं. पुढेमागे सरकवलेले सिलिंडर आणि वर सगळ्यांना मिळून एकच हेड, ही मूळ कल्पना त्यांची. योगायोग असा की पहिला यशस्वी उत्पादनातला व्ही६ सुद्धा लान्चियाचाच, १९५० च्या ऑरेलियात, पण तो ६० अंशांचा. अरुंद कोन आणि सहा सिलिंडर एकत्र आणून आडवं इंजिन हजारोंनी काढणं, हे मात्र वोल्फ्सबुर्गवाल्यांचं, म्हणजे फोक्सवॅगनचं. नावातला ‘व्ही’ म्हणजे व्ही आणि ‘आर’ म्हणजे जर्मनमध्ये ‘राइहे’, ओळ. १९९१ मध्ये ते पासाट आणि कोराडो या गाड्यांतून बाजारात आलं.

आता भूमिती. कागद-पेन्सिल घेऊनच वाच.

व्हीआर६ मध्ये क्रँकच्या दिशेने मोजलं तर एका सिलिंडरपासून पुढच्यापर्यंतचं अंतर फक्त ६५ मिमी आहे, आणि बोअर ८१. म्हणजे सरळ रेषेत मांडले तर ते एकमेकांत घुसतील. म्हणून एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. एकूण लांबी ५ गुणिले ६५ अधिक ८१, म्हणजे ४०६ मिमी. चार सिलिंडरपेक्षा जेमतेम ६ सेंटिमीटर जास्त. या इंजिनाचं सगळं अस्तित्व या ६ सेंटिमीटरमध्ये आहे.

पण व्ही म्हटला की सिलिंडर वर फाकतात आणि खाली जवळ येतात. अडचण खालच्या टोकाला येते. क्रँकच्या मध्यापासून बोअरचं खालचं टोक समजा ११० मिमी वर आहे. १५ अंशांच्या दोन रेषा नेमक्या क्रँकच्या मध्यात मिळत असतील, तर त्या उंचीवर दोन्ही रांगांमध्ये आडवं अंतर जेमतेम २९ मिमी भरतं. ६५ आणि २९ चा कर्ण काढ: ७१. बोअर ८१. इंजिन बनूच शकत नाही.

यावरची युक्ती मला सगळ्यात आवडते. सिलिंडरच्या अक्षरेषा क्रँकच्या मध्यातून जाऊच द्यायच्या नाहीत. प्रत्येक रांग बाहेरच्या बाजूला १२.५ मिमी सरकवायची, म्हणजे दोन्ही रेषा क्रँकच्या खाली कुठेतरी मिळतात. आता त्याच उंचीवर आडवं अंतर ५४ च्या आसपास आणि कर्ण जवळपास ८५. दोन सिलिंडरच्या मध्ये धातूची पातळ भिंत उरते. ११० हा आकडा माझा, अंदाजाने धरलेला. पण युक्तीचा आवाका त्यावरून कळतो.

मग १५ च का, याचं उत्तर इथेच आहे. कोन कमी केला तर खाली सिलिंडर भिडतात. वाढवला तर वरची रुंदी वाढते, हेड अवजड होतं आणि पिस्टनचा माथा जास्त तिरका करावा लागतो. ६५ मिमीची लांबी हट्टाने धरली, बोअर ८१ हवा म्हटलं, की उरणाऱ्या चिंचोळ्या जागेत १५ अंश बसतात. तो काही मंतरलेला आकडा नव्हे. लान्चियाचा १३ च्या आसपासचा कोनसुद्धा अशाच तडजोडीतून आलेला.

पण सिलिंडर सरकवले त्याची भरपाई क्रँकला करावी लागते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर ७२० अंशांत सहा स्फोट, म्हणजे दर १२० अंशांना एक. तसे समान अंतराने स्फोट हवे असतील तर दोन रांगांच्या क्रँकपिन (पिस्टनचे रॉड जोडायच्या क्रँकवरच्या खुंट्या) एकमेकींपासून जरा वळवायला हव्यात. सहज वाटेल, व्ही १५ अंशांचा आहे तर पिनही १५ अंश वळवल्या की झालं. प्रत्यक्षात त्या २२ अंशांनी वळवलेल्या आहेत. वरचे ७ अंश कुठून आले? हा प्रश्न मी मुलाखतींमध्ये विचारायचो आणि बहुतेकांची इथेच दांडी उडायची. सिलिंडर १२.५ मिमी सरकला की पिस्टनचा वरचा मृतबिंदूही, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो तो क्षण, सरकतो. कनेक्टिंग रॉड १६४ मिमी, क्रँकचा हात ४५ मिमी, बेरीज २०९. १२.५ भागिले २०९, त्याचा साइन उलटा काढला की येतात ३.४ अंश. एका रांगेत ३.४, दुसऱ्या रांगेत ३.४, अधिक मूळचे १५. बावीसला जेमतेम काही कला कमी.

त्याच सरकवण्याचा आणखी एक पुरावा कॅटलॉगमध्ये पडलेला आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९०.३ मिमी असा विचित्र का? सरकलेल्या सिलिंडरमध्ये स्ट्रोक क्रँकच्या हाताच्या नेमका दुप्पट नसतो, किंचित जास्त भरतो. हात ४५ धरून हिशोब केला तर ९०.२८ येतात. पहिल्यांदा हा हिशोब जुळला तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता आणि शेजारच्याचा चहा सांडला होता.

पूर्ण क्रँक पाहिलास तर सहा स्वतंत्र पिन आणि सात मेन बेअरिंग दिसतील, सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनासारखे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४, तीही सरळ सहाचीच. म्हणून याचा समतोल ६० अंशांच्या व्ही६ पेक्षा सरळ सहाच्या जवळचा आहे आणि बॅलन्स शाफ्ट लागत नाही. एक कुरबुर मात्र राहतेच. क्रँक एकाच दिशेने फिरतो, पण दोन रांगा विरुद्ध दिशांना सरकवलेल्या. त्यामुळे पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टनचा बाजूचा दाब एका रांगेत कमी होतो आणि दुसरीत वाढतो. भावंडं एकाच घरातली, पण नशीब वेगवेगळं.

हेडकडे आलं की उसनवारी आणखी स्पष्ट दिसते. सहा सिलिंडरवर एकच हेड, तेही सपाट. पण सिलिंडर मात्र त्या सपाटीला ७.५ अंश कलते. म्हणून पिस्टनचा माथा तेवढाच तिरका कापावा लागतो. ८१ मिमीच्या पिस्टनमध्ये एका कडेपासून दुसरीपर्यंत जवळपास ११ मिमीचा उतार. हा धडा मी पुस्तकात नाही, वर्कशॉपमध्ये शिकलो. एका इंजिनाची जुळणी करताना आमच्या पोराने एक पिस्टन उलटा बसवला. माथ्यावरच्या बाणावर काजळी होती आणि मी तपासायला आळस केला, म्हणून चूक माझीच. हेड बसवून हाताने क्रँक फिरवायला लागलो तर अर्ध्या फेऱ्यात ठक्क करून अडला. नशीब स्टार्टर नाही मारला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: या जातीचं इंजिन जुळवलं की पाना लावून दोन पूर्ण फेऱ्या हाताने, मगच बॅटरीची वायर.

हवा आत येण्याच्या सगळ्या वाटा हेडच्या एका बाजूला आणि धूर जायच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजे इनटेककडच्या रांगेला आत यायची वाट आखूड आणि बाहेर जायची लांब. दुसऱ्या रांगेचं उलट. वाटेची लांबी बदलली की हवेच्या नळीतल्या लाटांची वेळ बदलते, सिलिंडर भरणं बदलतं. सहाही सिलिंडर एकसारखे श्वास घेत नाहीत. या इंजिनाचा घोगरा, किंचित बेसूर आवाज लोकांना वेड लावतो. त्याचं बरंचसं मूळ या असमान वाटांमध्ये आहे, असं माझं मत. डिझायनरच्या दृष्टीने तो दोष, गाडीवेड्यांच्या दृष्टीने संगीत.

पहिल्या, बारा व्हॉल्व्हच्या आवृत्तीत दोन कॅमशाफ्ट होते, पण त्यांची वाटणी रांगेप्रमाणे होती. एक कॅम एका रांगेचे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह हलवायचा, दुसरा दुसरीचे. साधी, स्वस्त रचना. पण तिच्यात एक बंद दार होतं. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच दांड्यावर असल्यामुळे दोघांची वेळ वेगवेगळी हलवता येत नाही. १९९९ मध्ये चोवीस व्हॉल्व्हचं हेड आलं तेव्हा ही वाटणीच बदलली: एक कॅम सगळ्या इनटेकचा, एक सगळ्या एक्झॉस्टचा. एकच दांडा दोन्ही रांगांपर्यंत पोचवायचा म्हणून व्हॉल्व्हही दोन लांबीचे करावे लागले, काही लांब, काही आखूड. खटाटोप मोठा, पण त्यामुळे कॅमची वेळ बदलणारी यंत्रणा लावता आली. २.८ लिटरची ताकद १७४ पीएसवरून (मेट्रिक अश्वशक्ती) २०४ वर गेली. मला विचारशील तर या इंजिनाच्या विकासातला खरा टप्पा हाच. पुढची वाढ याच हेडच्या जोरावर झाली.

चेनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल मी पूर्वग्रहदूषित आहे. टायमिंग चेन फ्लायव्हीलच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे आहे. डिझायनर म्हणून मीही तेच केलं असतं. क्रँकला पिळवटणारी कंपनं फ्लायव्हीलच्या टोकाला सगळ्यात कमी, त्यामुळे चेन शांत चालते, आणि पुढच्या टोकाची जागा वाचते. पण चेनच्या प्लॅस्टिकच्या गाइड झिजल्या की आधी गिअरबॉक्स उतरवायचा. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी दोन दिवसांची मजुरी. ग्राहकाला बिल समजावून सांगताना पिळवटणाऱ्या कंपनांचं गणित कामी येत नाही.

कुटुंबविस्तार बराच झाला. कोराडोला ८२ मिमी बोअरची २८६१ सीसीची, १९० पीएसची आवृत्ती सुरुवातीलाच मिळाली होती. १९९७ मध्ये एक सिलिंडर कापून व्हीआर५ केलं, पाच सिलिंडर, २.३ लिटर. २००२ च्या गोल्फ आर३२ मध्ये ३१८९ सीसी आणि २४१ पीएस. दोन व्हीआर६ एका क्रँकवर जोडून डब्ल्यू१२, आणि दोन व्हीआर८ चा मिळून बुगाट्टी व्हेरॉनचा डब्ल्यू१६. लांबीची कंजूषी शिकलेल्या कंपनीलाच असलं सुचू शकतं.

पण अभ्यासण्यासारखं आहे ते ३.६ लिटरचं इंजिन. बोअर ८९ मिमी हवा, आणि लांबीचे ६५ तसेच ठेवायचे. आपण वर पाहिलं तसं खाली सिलिंडर भिडणार. नवशिक्या म्हणेल कोन वाढवा. त्यांनी उलट केलं: कोन १५ वरून १०.६ अंशांवर आणला आणि सिलिंडर १२.५ ऐवजी २२ मिमी बाहेर सरकवले. माझ्या त्याच अंदाजी उंचीवर आता कर्ण येतो जवळपास ९२, म्हणजे ८९ चा बोअर बसतो. आणि वर, हेडपाशी, रुंदी जवळपास होती तेवढीच राहते. पिस्टनच्या माथ्याचा उतार ११ वरून ८ मिमीच्या आसपास आला, तो वरचा फायदा. क्रँकपिनचा कोन पुन्हा काढून बघ: १०.६ मध्ये दोन्ही बाजूंचे जवळपास सहा-सहा मिळवले की परत बावीसच्या घरात. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. हे इंजिन पुढे पोर्शे कायेनच्या व्ही६ मॉडेलमध्येही बसलं, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ही जात उघडायची संधी मला मुख्यतः त्याच गाडीमुळे मिळाली.

आता बाकीच्यांनी का नाही उचललं ते. ज्याच्याकडे आधीच ६० अंशांचा व्ही६ आहे त्याला या हेडसाठी, तिरक्या पिस्टनसाठी, दोन लांबीच्या व्हॉल्व्हसाठी वेगळी उत्पादनव्यवस्था उभारणं परवडत नाही. ज्याची मोठी गाडी आहे, त्याला एवढ्या आखूडपणाची गरज नाही. मर्सिडीजचंच बघ: १९९७ च्या सुमारास त्यांनी सरळ सहा सोडून ९० अंशांचा व्ही६ घेतला, बॅलन्स शाफ्टसह, आणि २०१७ मध्ये परत सरळ सहावर आले, ४८ व्होल्टची वीज वापरून पुढचा पट्टाच काढून टाकला आणि इंजिन आखूड केलं. पण त्यांचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, त्यांच्या अडचणी वेगळ्या. व्हीआर६ चा फायदा ज्याला खरोखर हवा होता असा ग्राहक एकच: लहान आडव्या गाडीत सहा सिलिंडर घालण्याचा हट्ट धरणारा.

आणि तो हट्ट टर्बोने संपवला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगनच्या ॲटलासमध्ये ३.६ लिटरचं व्हीआर६ २७६ अश्वशक्ती देत होतं. २०२४ च्या मॉडेलमध्ये त्याच्या जागी दोन लिटरचं टर्बो चार सिलिंडर आलं: २६९ अश्वशक्ती आणि टॉर्क उलट जास्तच. २०२४ च्या अखेरीस व्हीआर६ चं उत्पादन थांबलं. आपल्याकडे तर या वादाला जागाच नव्हती. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कमी कर लावला, आणि आपल्या डिझायनरांची सगळी हुशारी चाराचे तीन सिलिंडर करण्यात लागली.

सेमिनारसाठी एक सुचवतो. स्लाइडवर इंजिनाचे फोटो लावू नकोस. ग्राफपेपरवर ६५ मिमी अंतराने, आलटून पालटून दोन रांगांत, ८१ मिमी व्यासाची सहा वर्तुळं काढ: एकदा हेडच्या उंचीवर, एकदा बोअरच्या खालच्या टोकाला. दोन कागद एकावर एक ठेवून उजेडात धर. आणि तो उलटा बसवलेला पिस्टन अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलेला आहे. माथ्याचा उतार लक्षात यायचा असेल तर असा एखादा पिस्टन कुठल्याही जुन्या गॅरेजमधून मिळव आणि वर्गात हातोहात फिरव.